नुमिसियसचे पूर्वज

१

माझ्या नवऱ्याला पूर्वज नव्हते, आणि त्याचा राग तो माझ्या पूर्वजांवर काढायचा.

बाप-आजा होते, नाही असं नाही. साबिन डोंगरात खेचरं विकायचे. पण रोममध्ये पूर्वज म्हणजे तसले नव्हेत. घराण्यातला जो पुरुष मोठ्या हुद्द्याला पोचला, त्याचा मेणाचा मुखवटा करतात आणि घराच्या मधल्या चौकात, भिंतीतल्या लाकडी देवळीत ठेवतात. एरवी दारं बंद. घरात मोठं मयत झालं की ती उघडायची. मग भाड्याचे नट ते मुखवटे चढवून, त्या त्या पूर्वजाचा झगा अंगावर घेऊन प्रेतापुढे चालतात, आणि रस्त्याकडेचे लोक म्हणतात, हे घर काही काल उगवलेलं नाही. नुमिसियसचं घर काल उगवलेलं होतं.

मी फुरिया. आमच्या फुरियस घराण्यात पैसा उरला नव्हता, पण चेहरे भिंतभर होते. एकुलता भाऊ हिस्पानियाच्या लढाईत पडला, तेव्हा बाबांनी ते सगळे माझ्या नावे केले आणि माझ्याबरोबर सासरी पाठवले. लग्न ठरताच नुमिसियसनं चौकात देवळ्या करून घेतल्या, माझी खोली रंगवायच्या आधी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

या चेहऱ्यांच्या जोरावर तो चढत गेला. आधी खजिन्यावर, मग बाजार आणि रस्त्यांवर, मग प्रेटर म्हणून न्यायासनावर, आणि शेवटी सार्दिनिया बेटाचा सुभेदार. परत आला तो गाल भरून आणि गलबत भरून. धान्य, कातडी, तिथला तो कडू मध, आणि मेण. मेण इतकं की मागची कोठी कोंदून गेली. आता त्याला कॉन्सुल व्हायचं होतं, त्याच्या वरची पायरी रोममध्ये नाही.

एके दिवशी मी बाबांकडून परतले तर देवळ्या उघड्या, आणि एक कारागीर माझ्या पणज्याच्या नाकावर गरम मेण फिरवतोय.

"तडे गेले होते," नुमिसियस म्हणाला. "म्हटलं, तुला भेट."

"माझ्या पूर्वजांना हात लावायच्या आधी मला विचारायचं होतंस."

"निवडणुकीच्या वर्षी तडकलेले पूर्वज बरे दिसत नाहीत, फुरिया."

मुखवटे नव्यासारखे दिसत होते, हे मला कबूल करायला हवं. तेच जास्त झोंबलं.

२

आमच्याकडे सकाळ व्हायची ती मुजऱ्यानं. उजाडायच्या सुमाराला गल्लीत माणसं जमायची, कुणी नोकरीसाठी, कुणी जामिनासाठी, कुणी नुसतं तोंड दाखवायला. दरवान दार उघडायचा. नुमिसियस चौकातल्या खुर्चीत बसून एकेकाला पुढे घ्यायचा. "बोला, काय गाऱ्हाणं आहे?" आणि त्या माणसानं धड तोंड उघडायच्या आत, "पुढचा." मान वर करून पाहायचंही नाही. मी आतल्या पडद्याआडून बघायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण बाबांच्या घरी मी वेगळा मुजरा पाहिला होता. बाबा प्रत्येकाचं नाव घेत आणि शेवटपर्यंत ऐकून घेत.

मुखवटे दुरुस्त झाल्यावर एका सकाळी माणसं गेली, दार लागलं, आणि चौकात गुणगुण ऐकू आली.

मला वाटलं, मधमाश्या. नव्या मेणाचा वास लागून येतात. पण तो फेब्रुवारी होता, चौकातल्या हौदाच्या कडेला पहाटे बर्फ धरत होता. मग वाटलं, शेजारच्या पाववाल्याचं जातं. मी भिंतीला कान लावला. जातं बंद होतं, त्याचं गाढव गल्लीत उभं राहून लीद टाकत होतं.

गुणगुण देवळ्यांमधून येत होती.

मी पणज्याची देवळी उघडली. आवाज थांबला. मुखवट्याला बोट लावलं तर ते रुतलं. गारठ्यानं माझी बोटं वाकत नव्हती आणि मेण मऊ, कोमट, ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळासारखं. आणि धुराचा वास. ऑलिव्हच्या लाकडाचा नव्हे; ओल्या पाल्याचा.

माझी म्हातारी दाई एग्ले मागे येऊन उभी राहिली. "बंद कर ते, पोरी. पूर्वजांना असं अवेळी उघडत नाहीत."

"एग्ले, याचं तोंड नेहमी मिटलेलं होतं ना?"

एग्लेनं पाहिलं. पणज्याचे ओठ किंचित विलग होते, दातांच्या जागी अंधार.

"कारागिरानं बिघडवलं असेल," ती म्हणाली. "हल्ली कुणाला काय येतंय!" पण तिनं दार लावलं आणि हात झग्याला पुन्हा पुन्हा पुसले.

मीही तेच धरून ठेवलं. स्वस्तातला कारागीर, नवं मेण, पाववाल्याच्या भट्टीची ऊब. एवढी कारणं हाताशी असताना घाबरायचं कशाला? तरी मी चौकातून जाताना हौदाच्या पलीकडून जायला लागले.

३

बाबांकडे त्या आठवड्यात एक पाहुणा उतरला होता. सार्दिनियातल्या एका डोंगरी गावाचा म्हातारा, तोर्बेन. आमच्या आजोबांनी कधीकाळी त्या गावाला अभय दिलं होतं, आणि असं अभय आमच्यात वारशानं चालतं. त्या गावावर अन्याय झाला, तर सेनेटपुढे त्यांना घेऊन जाणं हे बाबांचं काम. फेब्रुवारीत सेनेट परमुलखातल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकते. आत नेणारा कुणी नसेल तर तो महिना दाराशी उभं राहण्यात जातो.

"तुझ्या नवऱ्याविरुद्ध आहे," बाबा मला म्हणाले. "तू बस, नाहीतर जा. पण रडू नकोस."

"मी कधी रडले, बाबा?"

तोर्बेन बोलायला लागला, तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. आपल्याच हातांकडे बघत होता.

"मेण मागितलं, दिलं. दुप्पट मागितलं. मधमाश्यांची पोळी पिळून दिलं, पुढच्या सालचं बीसुद्धा ठेवलं नाही. मग तिप्पट. आम्ही म्हटलं, साहेब, माश्या मेल्या, आता मेण आम्ही आमच्या अंगातून काढू का? तो हसला. बायका-पोरं घाबरून वरच्या गुहेत गेली. त्यानं गुहेच्या तोंडाशी ओला पाला रचला."

"आणि?" बाबा म्हणाले.

"पेटवला."

बाबांनी आपला पेला उचलला, न पिता खाली ठेवला.

"मी शेळ्या घेऊन पलीकडच्या डोंगरावर होतो," तोर्बेन म्हणाला. "तिथपर्यंत खोकला ऐकू येत होता."

मी घरी आले ती झगासुद्धा न बदलता नुमिसियससमोर उभी राहिले. तो ऑलिव्ह खात होता.

"तू माणसांना धूर दिलास?"

"कोण म्हणतं? तो तुझ्या बापाकडचा म्हातारा?" त्यानं बी ताटात थुंकली. "सार्डी म्हणजे गुलामांच्या बाजारातला सगळ्यात स्वस्त माल, फुरिया. स्वस्त मालाचं ऐकू नये."

"मी विचारलं त्याचं उत्तर दे."

"मेण चुकवायला गुहेत लपले. पोळ्याला धूर देतात की नाही? माश्या बाहेर येतात. हेही यायला हवे होते. नाही आले, त्यात माझा काय दोष?"

इतक्या वर्षांत मी त्याच्या पुष्कळ गोष्टी पोटात घातल्या होत्या. ही जाईना. मी ताट उचललं आणि हौदात फेकलं. तो हसला. सेनेटमधली माणसं हसतात तसं, दात न दाखवता.

४

बाबा सेनेटसमोर उभे राहणार होते त्याच्या आदल्या दिवशी गेले. म्हातारपण, छातीत कळ. त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं, आणि संशयाची गरजही नव्हती. तोर्बेन त्यांच्या पायाशी बसला होता. त्याच्या गावाचं गाऱ्हाणं बाबांबरोबर निघालं होतं.

आणि नुमिसियस खुश होता! दुःखाचा काळा झगा घालून खुश होता. मुलगा नसलेल्या सासऱ्याच्या प्रेतापुढे जावयानं बोलायचं, फोरममध्ये, सगळ्या गावासमोर, मागे फुरियसांचे पूर्वज हस्तिदंती खुर्च्यांवर बसलेले. निवडणुकीच्या वर्षी याहून मोठं काय हवं? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, मी एकाशी संसार केला.

"मुखवटे माझे आहेत," मी म्हणाले. "मी देणार नाही."

"मग बापाला भिकाऱ्यासारखा जाळ."

त्यानं बरोबर जागी मारलं. बाबांचा मुखवटा करून झाला होता, घरात दुसरं मेण नव्हतं म्हणून सार्दिनियाच्या त्याच मेणाचा. त्यांना बाकीच्यांबरोबर चालताना पाहायचं, ही माझीही इच्छा होती.

"एका अटीवर. बाबांनी तोर्बेनच्या गावाचं गाऱ्हाणं सेनेटपुढे नेण्याचा शब्द दिला होता, हे तू तिथून सांगायचं. एवढंच. लोकांनी ऐकलं की सेनेटला दार लावून घेता येणार नाही."

"माझ्याच विरुद्ध?"

"तुझा दोष नाही म्हणालास ना? मग भितोस कशाला?"

त्यानं झग्याची घडी खांद्यावर नीट बसवली. मग म्हणाला, "सांगेन."

"असं नाही. यांची शपथ घे."

त्यानं देवळीच्या दारावर तळवा टेकून शपथ घेतली आणि झटकन हात मागे ओढला. "हे लाकूड तापलंय कशानं?"

"शेजारी भट्टी आहे," मी म्हणाले. त्या दिवशी पाववाल्यानंही दुखवट्यासाठी भट्टी विझवली होती, हे मला माहीत होतं.

५

दुपार होती. वर ऊन, खाली थंडी. तुताऱ्या, मशाली, भाड्यानं आणलेल्या रडणाऱ्या बायका, त्यांच्यामागे माझे पूर्वज, आणि सगळ्यांत शेवटी बाबांचं प्रेत. बाबांचा मुखवटा दिफिलस नावाच्या नटानं घातला होता. तो बाबांसारखाच डावा पाय ओढत चालत होता. लोक कौतुकानं एकमेकांना कोपरं मारत होते. मला मात्र त्याची पाठ बघवेना.

फोरममधल्या चौथऱ्यावर नट खुर्च्यांवर बसले. प्रेत उभं करून टेकवलं. नुमिसियस पुढे झाला, आणि बोलला सुरेख. बाबांची लढाई, बाबांचा साधेपणा, बाबांची जुनी पादत्राणं. गर्दीत मागे तोर्बेन उभा होता, टोपी छातीशी धरून. मी वाट बघत होते.

"आणि शेवटच्या घटकेला," नुमिसियस म्हणाला, "माझ्या सासऱ्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, पोरा, सार्दिनिया तू पोटच्या लेकरासारखी सांभाळलीस. त्या मुलखाचं भलं तुझ्या हातून झालं. हे माझ्यामागे रोमला सांग."

माझ्या बाबांच्या तोंडी! त्यांचा देह तिथं उभा असताना!

"खोटं!" मी ओरडले. "खोटं बोलतोय तो!"

पण रिवाज काय, की मेलेल्याच्या लेकीनं टाहो फोडला की भाड्याच्या बायकांनी तो उचलायचा. त्यांनी उचलला. छाती पिटून अशा रडल्या, की माझा शब्द मलाच ऐकू आला नाही. बाई दुःखानं वेडी झाली, असं कुणीतरी माझ्यामागे म्हणालं. मी त्यातल्या एकीचा हात पिरगाळला, तर ती आणखी जोरात रडली.

मग चौथऱ्यावर कुणीतरी खोकलं.

एकदाच, लहानसं, लहान मुलाचं असावं तसं. नटांत लहान मूल नव्हतं. नुमिसियसनं वाक्य पुढे चालवलं. पुन्हा खोकला, आता दुसऱ्या खुर्चीतून, बाईचा. मग तिसऱ्या. आणि माझ्या ध्यानात आलं की चौकात ऐकली होती ती गुणगुण नव्हतीच. ती पुष्कळ माणसं होती, तोंडावर हात दाबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आतल्या आत खोकणारी.

मी खुर्च्यांकडे पाहिलं. ऊन नेमकं त्यांच्या तोंडावर होतं. सगळे मुखवटे तोंड उघडून बसले होते, आणि उघडी तोंडं आणखी उघडत होती. माझ्या पणज्याचं नाक कुठे गेलं? तिथं रुंद गालाची कुणी तरुण बाई होती, डोळे घट्ट मिटलेली. मी क्षणभरच पाहिलं. मशालीचा धूर मध्ये आला, की तो मशालीचा नव्हता, मी सांगू शकत नाही.

नुमिसियसनं मान वळवली. त्याचा आवाज तुटला. ओठ हलत होते, शब्द येईना. तो तसाच उभा राहिला, घशाला हात लावून.

आणि फोरम रडला! जावयाचा कंठ दाटून आला, असं वाटलं त्यांना. म्हातारे सेनेटर डोळे पुसत होते. माझ्या शेजारचा कसाई म्हणाला, "असं काळीज असलेला माणूस कॉन्सुल व्हायला हवा." त्या कसायाला मी अजून माफ केलेलं नाही.

६

चितेनंतर दिफिलसनं मुखवटा माझ्या हातात कोंबला. तो घामानं निथळत होता.

"उभा जन्म मेलेल्यांची तोंडं घातली मी, बाई. यापुढे नाही. या घराची तर नाहीच."

"काय झालं?"

"आत जागाच नव्हती," तो म्हणाला, आणि मजुरीसाठीही थांबला नाही.

सेनेटमध्ये तोर्बेनचं नावही पुकारलं गेलं नाही. मेलेल्या फुरियसानंच सुभेदाराला शाबासकी दिली होती, आता ऐकायचं काय उरलं? सेनेटमध्ये एवढी पिकली डोकी, आणि सगळ्यांच्या तोंडाला त्यानं पानं पुसली.

नुमिसियसनं देवळ्यांना खिळे ठोकले. सकाळी त्या उघड्या असत, खिळे हौदाच्या कडेला नीट मांडून ठेवलेले. त्यानं नोकरांना झोडपलं, पुन्हा ठोकले, पुन्हा तेच. तो खोकायला लागला होता. बोलताना मध्येच थांबून वास घ्यायचा.

मी माझं सामान बांधलं. आमच्यात बाईला नवरा सोडायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही, एवढं एक बरं आहे. निघायच्या सकाळी तोर्बेन निरोप घ्यायला आला. एग्लेनं त्याला मागल्या दारानं चौकात आणलं. उजाडत होतं. देवळ्या उघड्या होत्या.

तो पहिल्या देवळीपाशी थांबला, मग दुसऱ्या. चेहऱ्यांपुढे हात न लावता हात फिरवत गेला, आणि आपल्या भाषेत हळू आवाजात एकेक नाव घेत गेला. एकापाशी बराच वेळ थांबला.

"ही माझी सून," तो मला म्हणाला.

मला तेव्हा रडू आलं. बाबांपुढे नसतं आलं.

"घेऊन जा त्यांना," मी म्हणाले. "सगळ्यांना ने. मी गाडी देते. इथं, या माणसाच्या घरात, त्यांनी एक दिवससुद्धा का राहावं?"

त्यानं शेवटच्या देवळीकडे बोट केलं. तो बाबांचा मुखवटा. तो मात्र बाबांचाच होता, बदलला नव्हता, सगळ्यांच्या पुढे, दाराच्या बाजूला. फक्त ओठ उघडे, एखादं लांबलचक म्हणणं मांडायच्या आधी ते उघडत तसे.

"त्यांना आत तुमच्या बाबांनी आणलंय ना?" तोर्बेन म्हणाला. "मग राहू द्या, बाई. त्यांचं ऐकून घ्यायचं राहिलंय."

इतक्यात नुमिसियस बाहेर आला. झगा घातलेला, दाढी अर्धी केलेली. आम्ही तिथं उभे आहोत हे त्याला दिसलंच नाही. तो खुर्चीत बसला. दरवानाला दार उघड म्हणून सांगितलं नाही. प्रथमच मान वर करून, थेट समोर बघत, तो म्हणाला,

"बोला. काय गाऱ्हाणं आहे?"

चौकात एक बारीक खोकला आला. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला, तरी तो ऐकत राहिला.

"पुढचा," तो म्हणाला. पुढे कुणी सरकलं नाही. तो वाट बघून पुन्हा म्हणाला, "पुढचा," आणि आवाज याचकाचा होता.

आम्ही मागल्या दारानं निघालो. वळसा घालून पुढल्या गल्लीत आलो, तर बंद दारापुढे मुजऱ्याची रांग लागलेली, थंडीनं पाय आपटत. कसाईही होता. त्यानं मला ओळखलं.

"बाई, आत बोलणं चाललंय. पण आम्ही तर अंधारापासून इथं आहोत, आत कुणीच गेलं नाही. साहेब कुणाशी बोलतायत?"

"तुमच्या आधी आलेत ते," मी म्हणाले. "घरी जा. तुमची पाळी यायची नाही."